कोंडिवट्याचे देऊळ

मुंबईच्या उपनगरांत, अंधेरीच्या पूर्वेस, महाकालीच्या लेण्यांपासून थोड्याच अंतरावर कारखान्यांची आणि कचेऱ्यांची एक मोठी वसाहत आहे. तिला 'सीप्झ' असे म्हणतात. परदेशी पाठवावयाचे दागिने, विजेची उपकरणे, संगणकाच्या आज्ञावली असा तऱ्हेतऱ्हेचा माल येथे तयार होतो. वसाहतीला सभोवार कुंपण आहे आणि ओळखपत्र दाखविल्यावाचून पहारेकरी कोणाला आत सोडीत नाहीत. रोज सकाळी हजारो माणसे या दरवाजातून आत जातात व संध्याकाळी बाहेर पडतात. त्यांतील फारच थोड्यांचे लक्ष आतील एका जुन्या वास्तूकडे जात असेल. झाडाझुडपांत उभ्या असलेल्या दगडी भिंती, कमानींची दारे आणि वर छपराऐवजी मोकळे आकाश, असे तिचे आजचे रूप आहे.

हे संत योहान बाप्तिस्ता याच्या नावाचे चर्च होय. जेझुइट नावाच्या ख्रिस्ती धर्मसंघाने ते १५७९ साली बांधले. ज्या गावासाठी ते बांधले, त्या गावाचे नाव कोंडिवटे. पोर्तुगीजांच्या जिभेवर त्याचे 'कोंडिता' झाले. आज येथे पाद्री राहत नाही की रोजची प्रार्थना होत नाही. परंतु वर्षातून एकदा, मे महिन्यातील एका रविवारी, या वसाहतीचे दार भाविकांसाठी उघडते. मरोळचे, अंधेरीचे आणि आसपासच्या गावठाणांतले लोक सणाचे कपडे घालून येतात. म्हाताऱ्या बायकांना कोणीतरी हात धरून आणते. पडक्या भिंतींच्या आत वेदी मांडली जाते, तिच्यावर स्वच्छ पांढरे वस्त्र अंथरले जाते, मेणबत्त्या लागतात आणि उघड्या आकाशाखाली मिस्सा सुरू होते. ती आटोपली की माणसे आपापल्या घरी परततात आणि देऊळ पुन्हा वर्षभर एकटे राहते.

'देऊळ' हा शब्द मी चुकून वापरलेला नाही. वसई-साष्टीकडची जुनी ख्रिस्ती माणसे चर्चला देऊळच म्हणतात. 'देवळात जातो' असे आजोबांनी म्हटले, की नातवाला समजते की आजोबा मिस्सेला निघाले. शेजारचा हिंदू मनुष्यही आपल्या देवळास देऊळच म्हणतो. दोघांचे देव निरनिराळे, पण घराबाहेर पडताना दोघांच्या तोंडी शब्द एकच. अशा शब्दांत आपल्या प्रांताचा पुष्कळसा इतिहास साठलेला असतो.

आता एक प्रश्न मनात येईल. ज्या वास्तूला छप्पर नाही, जिच्यात घंटा वाजत नाही, तेथे वर्षातून एकदा येऊन हे लोक करतात तरी काय? त्यासाठी आपल्याला कोंडिवट्याहून फार दूर आणि फार मागे जावे लागेल.

येशू ख्रिस्ताने आपल्या मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांसह शेवटचे भोजन केले, असे बायबलात सांगितले आहे. त्या वेळी त्याने भाकर हाती घेऊन देवाचे आभार मानले, ती मोडली आणि सर्वांना वाटली. मग द्राक्षारसाचा प्याला दिला आणि आपल्या आठवणीसाठी असेच करीत जा, असे सांगितले. ख्रिस्ती उपासनेचा गाभा तो एवढाच. बाकीचे सारे, म्हणजे उंच मनोरे, रंगीत काचा, धूप, बाजाच्या पेट्या, हे पुढच्या काळाने त्याभोवती घातलेले कोंदण आहे.

पहिल्या ख्रिस्ती लोकांजवळ चर्च नव्हतेच. ते कोणाच्या तरी घरी जमत. पुष्कळ वेळा पहाट होण्यापूर्वीच जमत, कारण रोमन साम्राज्यात त्यांच्या धर्माला मान्यता नव्हती आणि पकडले गेल्यास प्राणावर बेतण्याचा संभव असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात प्लिनी नावाच्या एका रोमन अधिकाऱ्याने बादशहाला पत्र लिहून या लोकांविषयी काय करावे असे विचारले. त्या पत्रात तो लिहितो की, हे लोक एका ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याचे गीत गातात. लिहिणारा मनुष्य त्यांचा मित्र नव्हता, म्हणूनच त्याच्या साक्षीला मोल आहे.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १५५ च्या सुमारास, रोम शहरात जस्टिन नावाचा एक तत्त्वज्ञ होता. तो स्वतः ख्रिस्ती होता. आपल्या लोकांविषयी भलत्यासलत्या कंड्या पिकतात हे पाहून त्याने बादशहाला उद्देशून एक लेख लिहिला आणि आपण रविवारी काय करतो ते उघडपणे सांगून टाकले. शहरातले व खेड्यातले लोक एका जागी जमतात. वेळ असेल तितका वेळ धर्मग्रंथांचे वाचन होते. वाचन संपल्यावर प्रमुख मनुष्य उपदेश करतो. मग सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात. नंतर भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाते, प्रमुख मनुष्य आभारप्रार्थना म्हणतो आणि लोक 'आमेन' म्हणतात. भाकर सर्वांना वाटली जाते. जे येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी पोचविली जाते. शेवटी ज्यांना शक्य असेल ते पैसे देतात. त्यांतून अनाथ, विधवा, आजारी व कैदेत पडलेल्या माणसांना मदत होते.

आता तुम्ही येत्या रविवारी अंधेरीच्या, बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या एखाद्या कॅथलिक चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर शांतपणे बसलात, तर तुमच्या डोळ्यांपुढे काय घडेल? लोक आत येताना पवित्र पाण्यात बोटे बुडवून कपाळ, छाती व दोन्ही खांदे यांना स्पर्श करून क्रूसाची खूण करतील. धर्मगुरू लांब झगा घालून वेदीपाशी येतील. सर्वजण प्रथम आपल्या चुकांची कबुली देतील. मग वाचने होतील. शुभवर्तमानाचे वाचन सुरू होताच सारी मंडळी उभी राहतील, कारण त्यात ख्रिस्ताचे स्वतःचे शब्द असतात. नंतर प्रवचन होईल, सर्वांसाठी प्रार्थना होतील, दानाची पिशवी फिरेल. भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेले जातील. धर्मगुरू त्या शेवटच्या भोजनाचे शब्द उच्चारतील आणि सर्वजण गुडघे टेकतील. सरतेशेवटी लोक रांगेने पुढे जाऊन भाकरीची पातळ पांढरी चकती ग्रहण करतील. जस्टिनने सांगितलेला क्रम आणि हा क्रम ताडून पाहा. अठराशे वर्षांहून अधिक काळ लोटला, राज्ये गेली, पण ती मांडणी फारशी हललेली नाही.

'मिस्सा' हा शब्दही मोठा मजेचा आहे. लॅटिन भाषेत उपासनेच्या शेवटी लोकांना 'आता जा' असा निरोप देताना जो शब्द वापरीत, त्यावरून तो आला. निरोपाचा शब्द साऱ्या विधीचे नाव होऊन बसला!

तुमच्या ध्यानात आणखी एक गोष्ट येईल. धर्मगुरूंच्या झग्याचा रंग नेहमी एकच नसतो. वर्षातल्या साध्या रविवारी तो हिरवा असतो. नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण यांना पांढरा. नाताळापूर्वीच्या चार आठवड्यांत आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात जांभळा. झावळ्यांच्या रविवारी, उत्तम शुक्रवारी आणि धर्मासाठी प्राण दिलेल्या संतांच्या दिवशी लाल. ज्याला वाचता येत नव्हते, त्यालाही केवळ रंग पाहून वर्ष कोठे आले ते कळत असे.

मांडणी टिकली, पण भाषा मात्र टिकली नाही, आणि माझ्या मते या साऱ्या कथेतला मोलाचा भाग तोच आहे. येशू अरामी भाषा बोले. त्याचे अनुयायी दूर देशी पसरले, तेव्हा त्यांनी प्रार्थनेसाठी ग्रीक भाषा धरली, कारण बाजारात, बंदरात सर्वांना ती समजे. खुद्द रोममध्येही आरंभी उपासना ग्रीकमध्ये होई. पुढे रोमच्या सामान्य लोकांना ग्रीक कळेनासे झाले आणि चौथ्या शतकात तेथील उपासना लॅटिनमध्ये आली. म्हणजे लॅटिन आली ती लोकांना समजावे म्हणून. परंतु काळ थांबत नाही. लॅटिन बोलणारे लोक उरले नाहीत, तरी प्रार्थनेत लॅटिन तशीच राहिली, आणि जी भाषा समजण्यासाठी आणली होती तीच न समजणारी होऊन बसली. ही लॅटिन घेऊनच पोर्तुगीज पाद्री आपल्या किनाऱ्यावर उतरले.

त्यांच्या आधी येथे ख्रिस्ती माणसे मुळीच नव्हती, असे मात्र नाही. मुलुंडच्या पलीकडे ठाणे शहर आहे. १३२१ साली जॉर्डानस नावाचा एक युरोपीय साधू आपल्या सोबत्यांसह तेथे आला, तेव्हा पूर्वेकडील पंथाची काही ख्रिस्ती कुटुंबे त्याला भेटली. त्याचे चार सोबती ठाण्यातच मारले गेले. जॉर्डानस वाचला आणि या देशाविषयी त्याने एक छोटे पुस्तक लिहून ठेवले.

१५३४ साली गुजरातच्या सुलतानाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेटही आले. आजची वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी उपनगरे याच साष्टीवर वसलेली आहेत. सहासष्ट गावांची म्हणून ती साष्टी, असे सांगतात. गोव्यातही याच नावाचा एक तालुका आहे. दोन्ही साष्टींचा संबंध आपल्या कथेत पुढे येणार आहे.

पोर्तुगीजांबरोबर फ्रान्सिस्कन व जेझुइट पाद्री आले. काही लोकांनी त्यांचे सांगणे मनापासून पटून धर्म स्वीकारला, काहींनी सवलतींसाठी, तर काही ठिकाणी सत्तेचा दाबही होता. बोरिवलीजवळ मंडपेश्वर येथे शंकराचे एक प्राचीन कोरीव लेणे आहे. सोळाव्या शतकात आन्तोनिओ दो पोर्तो नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याच्या वेळी त्या लेण्याचे प्रार्थनागृहात रूपांतर झाले आणि वरच्या बाजूस मठ उभा राहिला. लेण्यातील एका शिल्पपटावर कोरलेला मोठा क्रूस आजही दिसतो. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीजांचे राज्य येथून उठले. आज त्या लेण्यात शंकराची पूजा होते, टेकडीवर जुन्या मठाचे अवशेष आहेत आणि जवळच माउंट पोयसरचे चर्च नांदते आहे. एकाच खडकावर दोन धर्मांच्या माणसांनी डोके टेकले. त्यांतल्या एकाची पूजा बळाने थांबविली गेली होती, हेही तो क्रूस पाहताना विसरता येत नाही.

वसई पडल्यावर परदेशी पाद्री निघून गेले. पुष्कळ चर्चे मोडकळीस आली. येथील ख्रिस्ती लोक मात्र कोठे जाणार? ते येथलेच होते. शेती करणारे, मासे मारणारे, ताडी काढणारे. त्यांनी आपली प्रार्थना सोडली नाही. देशी धर्मगुरूंनी ती चालू ठेवली. इंग्रजांच्या अमलात, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीस पन्नास वर्षे झाली तेव्हा, १८८७ साली, या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. गोव्याहून मुंबईत येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण निराळे, येथलेच मूळचे, हे त्यांना दाखवावयाचे होते. नाव इंग्रजी, पण घरातली बोली मराठीची. लग्नात उंबराचे पाणी आणण्याचा विधी त्यांच्यातही असतो आणि बायका काष्टा घालून लुगडे नेसत असत.

आता या माणसांची स्थिती डोळ्यांपुढे आणा. घरी मराठी बोलायची आणि देवळात लॅटिन ऐकायची. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून प्रार्थना म्हणत. अर्थ कळत नसे. तेव्हा म्हाताऱ्या बायका हातात जपमाळ घेऊन आपला जप चालू ठेवीत. घंटी वाजली की मस्तक लववीत. त्यांच्या भक्तीत उणेपणा नव्हता. पण कान मात्र उपाशी राहत.

ही उणीव फार पूर्वी एका परदेशी माणसाने ओळखली होती. १५७९ साली, म्हणजे कोंडिवट्याचे देऊळ बांधले गेले त्याच वर्षी, थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. पुढची सुमारे चाळीस वर्षे तो बहुतेक गोव्याच्या साष्टीतच राहिला. नवीन ख्रिस्ती झालेल्या लोकांना आपली जुनी पुराणे ऐकण्याची हौस होती आणि ती तर आता बंद झाली होती. त्यांच्यासाठी स्टीफन्सने मराठीत, ओवी छंदात, ख्रिस्ताचे चरित्र रचले. ते 'क्रिस्तपुराण'. १६१६ साली ते रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात स्टीफन्सने मराठी भाषेचे जे कौतुक केले आहे, ते मराठी माणसाने अभिमानाने वाचावे असे आहे. लॅटिन मिस्सा संपल्यावर रविवारी व सणावारी लोक देवळात बसून क्रिस्तपुराण ऐकत. मिस्सा लॅटिनमध्ये आणि पुराण मराठीत, अशी ती तडजोड होती. पुढे १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला. तो अर्थातच पुरता सिद्धीस गेला नाही. लोकांची भाषा हुकमाने जात नसते. परंतु क्रिस्तपुराणासारख्या ग्रंथांचे वाचन मात्र त्यामुळे क्षीण होत गेले.

प्रॉटेस्टंट पंथाचे लोक यापुढे एक पाऊल गेले होते. त्यांच्या उपासनेत आरंभापासून लोकभाषाच असे. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मराठी शिकून घेतली व मराठीत उपासना चालविली. पण त्यांची गीते बहुधा इंग्रजी चालींवर बेतलेली असत. शब्द मराठी, चाल विलायती! ते अवघडलेपण रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दूर केले. १८९५ साली मुंबईत ते ख्रिस्ती झाले. त्यांनी तुकाराम-ज्ञानेश्वरांची वाट धरून अभंग आणि भजने लिहिली. टाळ-मृदंगाच्या साथीने ती ख्रिस्ती मंदिरांत गाइली जाऊ लागली आणि आजही गाइली जातात.

कॅथलिक उपासनेत हा पालट होण्यास विसावे शतक अर्धे सरावे लागले. १९६२ पासून १९६५ पर्यंत रोममध्ये जगभरच्या बिशपांची एक मोठी परिषद भरली. तिने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा आपला निर्णय प्रसिद्ध केला. उपासनेत लोकांच्या भाषेला जागा मिळाली. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात पोप सहावे पॉल स्वतः मुंबईस आले. त्यांनी येथे भाषण करताना बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उच्चार केला. थोड्याच वर्षांत वेदी भिंतीपासून पुढे आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि साष्टीतल्या देवळांत मिस्सा मराठीतून ऐकू येऊ लागली. १९६९ साली भारतातील चर्चला आणखी काही गोष्टींची मोकळीक मिळाली. गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकावे, जमिनीवर बसावे, समई लावावी, आरती ओवाळावी, अशा त्या गोष्टी होत्या. आता मिस्सेत एकमेकांना शांतीची खूण देण्याची वेळ आली की येथील लोक शेजाऱ्याकडे वळून नमस्कार करतात. हा नमस्कार पाहण्यासारखा असतो. एखादे लहान मूल पुढच्या, मागच्या आणि बाजूच्या बाकावरील सर्वांना एकेक करून हात जोडते आणि मोठी माणसेही त्याला तितक्याच गंभीरपणे हात जोडतात.

मिस्सा ही देवळातली उपासना झाली. गावठाणात तिच्यापेक्षा निराळी, अंगणातली उपासनाही असते. वांद्रे, मरोळ, कुर्ला, गोराई अशा कोणत्याही जुन्या गावठाणात फिरा. वळणावर एखादा दगडी किंवा लाकडी क्रूस उभा दिसेल. त्याला झेंडूचा हार असेल. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे पटापट मरू लागली. तेव्हा रोगापासून रक्षण व्हावे म्हणून लोकांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले. प्लेग गेला, पण क्रूस राहिले. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते. तेव्हा संध्याकाळी गल्लीतील लोक क्रूसापुढे जमतात. तेथे पाद्री लागतोच असे नाही. एखादी वयस्क बाई लिटनी सांगू लागते, म्हणजे एकामागून एक नावे घेत प्रार्थना करू लागते. प्रत्येक नावामागून सारी मंडळी 'आमच्यासाठी विनंती कर' असे म्हणतात. नामावळी संपली की उकडलेले चणे किंवा गोड काहीतरी वाटले जाते. मुले या शेवटच्या भागाची वाट पाहत असतात हे वेगळे सांगावयास नको.

ऑक्टोबरात भात कापणीस आले की आगेरा हा सण येतो. नव्या भाताची कणसे वाजतगाजत देवळात नेतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग ती घरोघर जातात. दसऱ्याला नव्या धान्याचे तोरण बांधणाऱ्या घराला या सणाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. पण आज अंधेरीत शेत कोठे उरले आहे? मरोळच्या भातखाचरांवर गिरण्या, गोदामे, विमानतळ आणि उंच इमारती उभ्या आहेत. आगेऱ्यासाठी कणसे आता दुसरीकडून आणावी लागतात. सण आहे आणि शेत नाही, अशी ही स्थिती आहे.

भाषेचेही थोडेसे तसेच होऊ लागले आहे. उपनगरांतील चर्चच्या दारापाशी मिस्सांच्या वेळा लिहिलेल्या असतात. तेथे इंग्रजी असते, कोकणी असते, मराठी असते. केरळातून आलेल्या लोकांची उपासना मलयाळम भाषेत चालते. हे सारे चांगलेच आहे. ज्याला जी भाषा समजते, त्याने त्या भाषेत देवाला हाक मारावी, हेच तर रोममधल्या त्या पहिल्या लोकांनी केले होते. परंतु ईस्ट इंडियन घरांतील पुष्कळ मुले आता इंग्रजी शाळांत शिकतात आणि त्यांची प्रार्थनाही इंग्रजीच असते. आजीची बोली त्यांना कळते, पण त्या बोलीत त्यांना प्रार्थना म्हणता येत नाही. आजीला मराठी मिस्सा मिळावी म्हणून इतकी शतके जावी लागली, आणि ती मिळाली तेव्हा नातवंडे दुसऱ्या बाकावर जाऊन बसली!

आता कोंडिवट्यास परत येऊ. १८४० साली गावात साथीच्या रोगाने थैमान घातले. गावकऱ्यांनी विचार केला आणि आपल्या धर्मगुरूसह गाव सोडले. ते मरोळला आले. तेथे त्यांनी नवे चर्च बांधले. पण रिकाम्या हातांनी ते आले नाहीत. जुन्या देवळातील मूर्ती, खांब आणि स्नानसंस्काराचे दगडी पात्र त्यांनी बरोबर आणले. स्नानसंस्कार म्हणजे लहान मुलाच्या मस्तकावर पाणी ओतून त्याला ख्रिस्ती समाजात घेण्याचा विधी. ज्या पात्राच्या पाण्याने आपण, आपला बाप, आपला आजा ख्रिस्ती समाजात आलो, ते मागे कसे टाकावे? त्या काळी रेल्वे नव्हती. रोगाने गांजलेल्या लोकांनी दगडी खांब आणि ते जड पात्र कसे वाहून नेले असेल, याची कल्पनाच करावी.

ख्रिस्ती धर्मात 'चर्च' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक इमारत आणि दुसरा माणसांचा समुदाय. या दुसऱ्या अर्थासाठी मराठी ख्रिस्ती लोकांनी 'ख्रिस्तसभा' असा सुंदर शब्द घडविला आहे. १८४० साली कोंडिवट्याची सभा उठून मरोळला गेली आणि इमारत तेवढी मागे राहिली. छप्पर कोसळले, भिंतींवर झाडे उगवली. १९७३ साली तेथे सीप्झची वसाहत झाली आणि पडके देऊळ कुंपणाच्या आत गेले. ज्यांच्या पूर्वजांनी ते बांधले, त्यांनाच आत जावयास परवानगी लागू लागली.

वर्षातून एक रविवार ती मिळते. त्या दिवशी वेदीजवळची जागा झाडून काढतात, खुर्च्या मांडतात. मे महिन्याचे ऊन असते, म्हणून बायका डोक्यावरून पदर घेतात. भिंतीच्या एखाद्या फटीतून वर आलेल्या झाडाची सावली धरून म्हातारी माणसे बसतात. वाचन होते, उपदेश होतो, भाकर मोडली जाते. मिस्सा संपल्यावरही माणसे लगेच निघत नाहीत. कोणी दगडी कमानीवरून हात फिरवितो. कोणी आपल्या मुलाला उचलून दाखवितो की, येथे खांब होते, ते आपल्या मरोळच्या देवळात आहेत. मग पहारेकरी दाराशी येऊन उभा राहतो आणि मंडळी हळूहळू बाहेर पडतात.